सनद, पगार आणि मधली पाच वर्षं

१९२३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडनहून मुंबईला परतले, तेव्हा त्यांच्या पदव्यांची यादी आजच्या कुठल्याही करिअर कौन्सेलरला चक्रावून टाकेल अशी होती. कोलंबियातलं अर्थशास्त्र, ग्रेज इनची बॅरिस्टरी आणि रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध, ज्याला लंडन विद्यापीठाने त्याच वर्षी डी.एस्सी. दिली. परदेशातला हा दुसरा मुक्काम सुरू होण्याआधी सिडनहॅम कॉलेजात त्यांनी अर्थशास्त्र शिकवलेलं होतं. आता वकिली सुरू झाली, पण अस्पृश्य बॅरिस्टरकडे काम द्यायला सॉलिसिटर मंडळी तयार होईनात. घर तर चालवायचं होतं. मग १९२५ ते १९२८ या काळात बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सीच्या संस्थेत ते अर्धवेळ व्यापारी कायदा शिकवत राहिले.

त्यांची वाट अडवणारी भिंत जातीची होती, आणि तिची तुलना आजच्या कुठल्या करिअरच्या अडचणीशी होऊ शकत नाही. तरीही या प्रसंगातली एक गोष्ट आजच्या घरांना जशीच्या तशी लागू पडते. कायदा आणि अर्थशास्त्र या दोन्हीकडच्या मोठ्यात मोठ्या पदव्या हातात असूनही, काम येईपर्यंत घर कशावर चालवायचं हा प्रश्न सुटलेला नव्हता. निकाल लागले की आजही घरोघरी ‘लॉ की एमबीए’ची बैठक बसते. मावशी, काका, शेजारच्या बँकेतले साहेब, सगळे मत देऊन जातात. फी, कॉलेजचं नाव, पॅकेज यांवर तासन्‌तास बोलणं होतं. कमाई कधी सुरू होणार आणि तोवर कोण सांभाळणार, हे मात्र कुणी मोठ्याने विचारत नाही.

आधी दारं पाहू. कायद्याला दोन दारं आहेत. बारावीनंतर पाच वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम, किंवा कुठलीही पदवी घेऊन मग तीन वर्षांची एलएल.बी. महाराष्ट्रात दोन्हींसाठी राज्याची सीईटी आहे आणि राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी ‘क्लॅट’. राज्यात अशी तीन विद्यापीठं आहेत, मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला. एमबीएसाठी राज्याची वेगळी सीईटी आणि देशपातळीवर ‘कॅट’. कॅटला दरवर्षी सुमारे तीन लाख मुलं बसतात. दोन तासांचा पेपर, चाळीस-चाळीस मिनिटांचे तीन विभाग, आणि एका विभागातला उरलेला वेळ दुसरीकडे वळवता येत नाही.

यात एक तपशील मराठी घरांनी विशेष लक्षात घ्यावा. राज्याची लॉ सीईटी मराठीतूनही देता येते. कॅट आणि एमबीएची सीईटी इंग्रजीतच. हा फरक परीक्षेपुरता नाही. महाराष्ट्रातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा १९९८ पासून मराठी आहे, उच्च न्यायालयाची इंग्रजी. म्हणजे सांगलीत किंवा जालन्यात वकिली करायची असेल, तर उलटतपासणीत साक्षीदाराच्या बोलीतली मेख ओळखणारा कान हे भांडवल ठरतं. मुंबईच्या हायकोर्टात जायचं तर इंग्रजीला पर्याय नाही. व्यवस्थापनाच्या वर्गात पहिल्या दिवसापासून इंग्रजी. मराठी उपयोगी पडते ती पुढे, स्टॉकिस्टसमोर बसल्यावर.

खर्चाचं चित्र तर चक्क उलटं आहे. १८५५ साली सुरू झालेलं मुंबईचं गव्हर्नमेंट लॉ कॉलेज हे आशियातलं सर्वांत जुनं विधी महाविद्यालय, आणि तिथली वर्षाची फी आजही काही हजारांत भागते. राष्ट्रीय विधी विद्यापीठात मात्र पाच वर्षांत दहा-पंधरा लाख सहज जातात. अहमदाबादच्या आयआयएमची दोन वर्षांची फी पंचवीस लाखांच्या पुढे गेली आहे. कायद्याची पदवी अशी जवळजवळ फुकट मिळू शकते, आणि नेमका तिथेच पुष्कळांचा हिशेब चुकतो. शिक्षण स्वस्त, पण शिक्षणानंतरची वर्षं महाग.

ती वर्षं कशी असतात हे पाहायचं तर कुठल्याही जिल्हा न्यायालयात सकाळी साडेदहाला जावं. नवी सनद घेतलेली एक मुलगी. पांढरा बँड नीट बसलेला नाही, काखेत सरांच्या सात फायली, हातात वकील डायरी. दारावर लावलेला दिवसाचा बोर्ड ती वाचते आणि कुठलं काम कुठल्या कोर्टात किती नंबरवर आहे ते पेन्सिलीने टिपून घेते. दोन कामं एकाच वेळी दोन मजल्यांवर पुकारली जाणार हे तिला तिथेच कळतं. मग कारकुनाला विनंती, ‘जरा मागे ठेवा ना.’ पुकारा होतो. ती उभी राहते आणि जे वाक्य पुढची दोन वर्षं रोज म्हणायचं आहे ते म्हणते : ‘सर हायकोर्टात आहेत, पुढची तारीख मिळावी.’ न्यायाधीश चष्म्यावरून पाहतात. मागच्या वेळीही हेच कारण होतं. ते रोजनाम्यात लिहिलेलं असतं.

दुपारी नक्कल विभाग. प्रमाणित प्रतीसाठी अर्ज, तिकीट, ‘परवा या.’ संध्याकाळी सरांच्या ऑफिसात कैफियतीचा मसुदा. त्यावर सर लाल पेनाने जे करतात, तेच खरं शिक्षण. कॉलेजात कलमं कळली. कुठलं कलम लिहायचं नाही, हे इथे कळतं. आता पक्षकारसुद्धा मोबाइलवर ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये सोळा अक्षरांचा सीएनआर नंबर टाकून तारीख पाहतो आणि ज्युनिअरच्या आधी त्यालाच माहीत असतं की आज काही झालं नाही.

या सगळ्याचे पैसे किती? १५ ऑक्टोबर २०२४ ला बार कौन्सिल ऑफ इंडियाने परिपत्रक काढून सुचवलं की ज्युनिअर वकिलांना शहरी भागात दरमहा किमान वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार रुपये द्यावेत. सुचवलं, बंधन घातलं नाही. देशाच्या शिखर संस्थेला वीस हजारांची शिफारस करावी लागते, यावरून प्रत्यक्षात काय मिळतं याचा अंदाज वाचकाने करावा. तालुक्याच्या ठिकाणी पहिलं वर्ष पेट्रोलच्या पैशांवर काढलेले वकील प्रत्येक बार रूममध्ये भेटतील, आणि ते हे थोड्या अभिमानानेच सांगतील. अभिमान कळतो. पण ते वर्ष घरच्यांच्या जिवावर गेलं, हेही त्यांनी जोडून सांगायला हवं.

इथे वडिलांचं ऑफिस कामाला येतं. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झालेले अभय ओक यांनी १९८३ मध्ये ठाणे जिल्हा न्यायालयात सुरुवात केली ती वडिलांच्याच चेंबरमध्ये. त्यांच्या कर्तृत्वाला यामुळे उणेपणा येत नाही. मात्र बसायला खुर्ची, वाचायला पुस्तकं आणि जिन्यात ‘नमस्कार’ म्हणणारे जुने पक्षकार ज्याला पहिल्या दिवशी मिळतात, त्याची पाच वर्षं वाचतात. ज्याच्या घरात आधी कुणी कोर्टाची पायरी चढलेलं नाही, त्याला चांगला सीनिअर शोधणं हे कॉलेज निवडण्याहून मोठं काम आहे. आणि त्यासाठी कुठली सीईटी नसते.

सगळे वकील असेच सुरुवात करत नाहीत, हेही खरं. मुंबई-दिल्लीच्या बड्या लॉ फर्म राष्ट्रीय विधी विद्यापीठांतून आणि मोजक्या जुन्या कॉलेजांतून मुलं उचलतात आणि पहिल्याच वर्षी पंधरा-वीस लाखांच्या घरात पगार देतात. ही नोकरी दिसायला वकिलीची, पण चालते कॉर्पोरेटसारखी. करार, कंपन्यांची विलीनीकरणं, रात्री दोनला आलेली ईमेल. तिथल्या पुष्कळ मुलांनी वर्ष-वर्ष कोर्टाचं तोंड पाहिलेलं नसतं. ‘लॉमध्ये आता भरपूर पैसा आहे’ असं काकांनी ऐकलेलं असतं ते या फर्मबद्दल, आणि पुतण्या प्रवेश घेतो तो गावाजवळच्या लॉ कॉलेजात. ही दोन वेगळी गावं आहेत.

न्यायाधीश व्हायचं तर सरळ परीक्षा देऊ, हा मार्गही आता लांबला आहे. २० मे २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदासाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली. हा निकाल देणाऱ्या पीठाचे प्रमुख होते तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई, अमरावतीचे. कोर्ट न पाहिलेल्या मुलाने खुर्चीत बसू नये, हे तत्त्व पटण्यासारखं आहे. पण ती तीन वर्षं कशावर काढायची, याचं उत्तर निकालात नसतं, असूही शकत नाही.

एक दिलासा मात्र कोर्टानेच दिला. सनदेच्या वेळी राज्यांच्या बार कौन्सिल निरनिराळ्या नावांनी हजारो रुपये घेत. ३० जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टमध्ये लिहिलेल्या रकमेपेक्षा जास्त घेता येणार नाही. ती रक्कम आहे साडेसातशे रुपये, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना एकशे पंचवीस.

आता दुसरं दार. एमबीएत पैसे आधी जातात आणि कमाईही आधी येते. पंचवीस लाखांचं कर्ज दहा टक्के व्याजाने दहा वर्षांसाठी घेतलं तर महिन्याचा हप्ता तेहेतीस हजारांच्या आसपास बसतो. कॅम्पसवरून चांगली नोकरी लागली तर तो जाणवत नाही. नाही लागली तर त्या हप्त्यासाठीच मिळेल ती नोकरी धरावी लागते. २०२३-२४ च्या हंगामात नामवंत आयआयएममध्येही सगळ्यांना नोकऱ्या लागायला नेहमीपेक्षा जास्त वेळ गेला. नामवंतांची ही गत, तर गल्लीबोळातल्या एमबीए कॉलेजांच्या ‘शंभर टक्के प्लेसमेंट’च्या फलकाबद्दल काय बोलावं! त्या शंभरात किती मुलांनी नोकरी मागितली होती आणि कुठली मिळाली, हे फलकावर मावत नाही.

या पदवीचा भाव संस्थेच्या नावावर ठरतो, कायद्यापेक्षा कितीतरी जास्त. तिसऱ्या दर्जाच्या कॉलेजातून एलएल.बी. झालेला माणूस पंधरा वर्षांनी जिल्ह्यातला पहिल्या क्रमांकाचा फौजदारी वकील असू शकतो. कुठल्या कॉलेजातून शिकलात, हे जामीन हवा असलेला पक्षकार विचारत नाही. एमबीएला हे पहिल्या मुलाखतीतच विचारलं जातं, आणि दहाव्या वर्षीही विचारलं जातं. म्हणून मुंबईच्या जमनालाल बजाज इन्स्टिट्यूटसाठी सीईटीत ९९.९ पर्सेंटाईलच्या आसपास झुंबड असते. मुंबई विद्यापीठाने १९६५ साली स्टॅनफर्डच्या सहकार्याने सुरू केलेली ही संस्था. इथून १९८२ मध्ये बाहेर पडलेल्या उदय कोटक यांनी १९८५ साली बिल डिस्काउंटिंगचा व्यवसाय सुरू केला आणि पुढे त्याची बँक झाली. त्यांच्यामागे कापसाच्या व्यापारातलं घर होतं, हा तपशील यशोगाथा सांगताना सहसा गळतो.

एमबीए म्हणजे एसी केबिन, ही समजूत ग्राहकोपयोगी वस्तूंच्या कंपनीत रुजू झालेल्यांची पहिल्याच महिन्यात फिटते. टाय बॅगेत जातो. सकाळी नऊला सेल्समनच्या मोटरसायकलवर मागे बसून ‘बीट’वर निघायचं. एका दिवसात तीस-चाळीस दुकानं. पहिलाच किराणावाला काउंटरखालून मुदत संपलेल्या शाम्पूच्या पुड्यांची माळ काढून पुढे टाकतो : ‘आधी हा माल उचला, मग नव्या स्कीमचं बोला.’ कन्झ्युमर बिहेविअरच्या पेपरात हा प्रश्न आलेला नसतो. हिंदुस्तान लिव्हरने तर १९७६ पासून उत्तर प्रदेशातल्या एटा जिल्ह्यात आपले व्यवस्थापन प्रशिक्षणार्थी काही आठवडे खेड्यांत राहायला पाठवण्याची पद्धत पाडली होती. फरक इतकाच, की या उन्हातान्हाला पहिल्या महिन्यापासून पगार असतो.

पुढे मात्र चित्र पालटत जातं. पंचेचाळिशीतला व्यवस्थापक कंपनीची फेररचना जाहीर झाली की दचकतो, कारण त्याच्या अर्ध्या पगारात काम करणारा तिशीतला मुलगा तयार असतो. पंचेचाळिशीतला वकील तेव्हा कुठे फी सांगताना खाली बघणं थांबवतो. पांढरे केस एका धंद्यात खर्चाच्या बाजूला मांडले जातात, दुसऱ्यात जमेच्या. म्हणून दोन्हींची तुलना पहिल्या वर्षाच्या आकड्यांवर करणं ही मुळातच फसवी गोष्ट आहे. चाळीस वर्षांचा हिशेब मांडला तर गणित बदलतं. पण चाळीस वर्षांचा हिशेब मांडायला पहिली पाच निभवावी लागतात.

स्वभावाचं काय? ‘मुलगा वाद फार घालतो, लॉला पाठवा’ हा सल्ला ज्याने पहिल्यांदा दिला, त्याने वकिलांना काम करताना पाहिलेलं नसावं. नव्वद टक्के काम वाचनाचं असतं. दोन पेशांतला खरा फरक एकाच कागदावर पाहता येतो. पुण्याच्या कडेला बांधल्या जाणाऱ्या इमारतीतल्या फ्लॅटचा करारनामा घ्या. वकील आधी शोधतो ताबा देण्याची तारीख, मग ती चुकली तर काय याचं कलम, मग २०१६ च्या रेरा कायद्याचं अठरावं कलम, ज्याखाली ताब्याला उशीर झाला तर खरेदीदाराला व्याज मागता येतं किंवा पैसे परत घेता येतात. फायनान्स घेऊन एमबीए झालेला माणूस तोच करार हातात घेतो आणि हप्त्यांच्या तक्त्याकडे जातो. त्याच कायद्याने खरेदीदारांकडून आलेल्या पैशांतले सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवायला सांगितलंय. मग उरलेल्या तीस टक्क्यांत हा बिल्डर जाहिरात, व्याज आणि पगार कसे भागवणार? भागत नसेल तर तारीख चुकणारच. वकिलाला तारीख चुकल्यावर काय करायचं ते दिसतं, व्यवस्थापकाला ती का चुकणार ते आधी दिसतं. आपल्या मुलीला या दोनांपैकी कुठला प्रश्न आपसूक पडतो, हे तिच्या आईबापांना बहुधा माहीत असतं.

मग दोन्ही का नको? मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्याकडे नागपूरची कायद्याची पदवी आहे आणि बिझनेस मॅनेजमेंटची पदव्युत्तर पदवीही; करिअर मात्र तिसरीकडेच झालं. रोहतकच्या आयआयएमने २०२१ पासून पाच वर्षांचा व्यवस्थापन आणि कायदा असा एकत्रित अभ्यासक्रम सुरू केलाय, आणि तिथला प्रवेश क्लॅटवर होतो. पुण्यात सिम्बायोसिस, मुंबईत एनएमआयएमएस अशा खासगी विद्यापीठांत बी.बी.ए.-एलएल.बी. आहेच. बँकांच्या भरतीत लॉ ऑफिसर आणि मार्केटिंग ऑफिसर ही पदं एकाच जाहिरातीत शेजारी-शेजारी असतात. दिवाळखोरीचा २०१६ चा कायदा, जीएसटी, २०२३ चा विदा संरक्षण कायदा यांनी कंपन्यांमध्ये असं काम उभं केलंय जिथे कलम आणि ताळेबंद दोन्ही वाचता येणारा माणूस लागतो.

पण ‘दोन्ही’ म्हणताना बार कौन्सिलचे नियम वाचलेले बरे. नियमित एलएल.बी. करताना दुसरी नियमित पदवी सोबत करता येत नाही. पत्रद्वारा केलेल्या एलएल.बी.वर सनद मिळत नाही. एमबीए दूरस्थ पद्धतीने करता येतं. सनद घेतल्यावर पूर्णवेळ पगारी नोकरी धरली तर वकिली थांबवून सनद स्थगित करावी लागते. वकिलाला स्वतः धंदा चालवता येत नाही, जाहिरात करता येत नाही, आणि ‘खटला जिंकलो तर इतके टक्के’ अशी फी ठरवता येत नाही. मार्केटिंगच्या वर्गात दोन वर्षं जे शिकवतात, त्यातलं बरंच या पेशात निषिद्ध आहे!

उलट दिशेने जाणं सोपं असतं. तीन वर्षांच्या एलएल.बी.ला वयाची वरची मर्यादा आडवी येत नाही, आणि त्या वर्गांत निवृत्त पोलीस अधिकारी, बँकेतले लोक, एचआरमध्ये दहा वर्षं घालवलेल्या बाया बाकांवर दिसतात. नानी पालखीवालांची कथा तर आणखी वेगळी. इंग्रजीचे एम.ए., प्राध्यापक व्हायचं होतं, विद्यापीठातली जागा हुकली, तोवर इतर प्रवेश संपत आलेले, म्हणून ते गव्हर्नमेंट लॉ कॉलेजात गेले. १९७३ चा केशवानंद भारती खटला त्यांनी लढवला, एसीसी आणि टीसीएसचे ते अध्यक्ष झाले, आणि त्यांची अर्थसंकल्पावरची व्याख्यानं ऐकायला ब्रेबॉर्न स्टेडियम भरायचं. व्यवस्थापनाचा एकही तास त्यांनी वर्गात बसून केलेला नव्हता.

चर्चगेट स्टेशनवरून पाच-दहा मिनिटांच्या चालीत ए रोडला गव्हर्नमेंट लॉ कॉलेज लागतं, बी रोडला सिडनहॅम आणि थोडं पुढे जमनालाल बजाज. पहिल्या दोन्ही संस्थांत आंबेडकरांनी शिकवलं. १९३५ मध्ये ते लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले. वकिली करता करता कायदा शिकवायची मुभा आजही आहे, १९७९ च्या नियमांनुसार दिवसाला तीन तासांपर्यंत. लॉ कॉलेजचे तास सकाळी लवकर भरतात. ते सुटले की मुलं कोट हातावर टाकून फोर्टकडे चालायला लागतात, कुणी सॉलिसिटरच्या ऑफिसात, कुणी हायकोर्टात सीनिअरमागे फायली घेऊन. वाटेत वडापाव उभ्याउभ्याच. लोकलचा पास बहुतेकांना अजून घरचेच काढून देतात.